नामदार गोपाळ कृष्ण गोखले : मिठाच्या करापासून मुलांच्या शाळेपर्यंत

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र दिले जावे, हा जुना व स्तुत्य प्रघात आहे. बहुधा असा पुरुष स्वज्ञातीतील असतो, आणि ते योग्यच आहे. परंतु काही माणसे अशी असतात की, त्यांचा जन्म कोणत्या घरी झाला हे पाहण्यापेक्षा त्यांनी कोणाच्या घरातील चुलीची काळजी वाहिली हे पाहणे अधिक उचित ठरते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांपैकी एक होत. त्यांनी मिठावरील कराविरुद्ध सरकारशी वाद केला. आणि मीठ म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या घामाचे पीक! आगर या शब्दावरूनच आपल्या ज्ञातीचे नाव पडले असे सांगतात. पनवेल, उरण व पेण या पट्ट्यातील खाडीकाठी मिठागरे राखण्यात आपल्या कित्येक पिढ्या खपल्या. सुकापूरसारख्या गावांतून आज इमारतींची दाटी झाली असली, तरी जुन्या मंडळींना मिठाच्या पांढऱ्या राशींचे स्मरण आहे. म्हणून सरकारच्या अंदाजपत्रकातील एक आकडा गरिबाच्या घरात काय करू शकतो, हे समजून घेण्यासाठी या पुरुषाचे चरित्र आपण वाचले पाहिजे.

बालपण व विद्यार्जन

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. हे गाव हल्ली गुहागर तालुक्यात मोडते. त्यांचे वडील कृष्णराव हे पोटासाठी कोकण सोडून घाटावर गेले व कागल संस्थानात साध्या नोकरीवर राहिले. घरची स्थिती बेताचीच होती. १८७९ साली कृष्णराव निवर्तले, त्या वेळी गोपाळ अवघा १३ वर्षांचा होता. घरात मिळवते कोणीच उरले नाही.

अशा प्रसंगी गरीब कुटुंबात जे घडते तेच येथे घडले. एका भावाने आपली पुस्तके मिटली, म्हणून दुसऱ्याची उघडी राहिली. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून कागल येथेच दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली. त्यांतील ८ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत आणि उरलेल्या ७ रुपयांत सर्व घर चालवीत. गोपाळरावांचा संसाराच्या हिशेबाशी पहिला परिचय झाला तो या ८ आणि ७ रुपयांच्या हिशेबातून, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. दिव्याचे तेल वाचावे म्हणून रस्त्यावरील कंदिलाखाली बसून त्यांनी अभ्यास केला, असेही त्यांचे चरित्रकार सांगतात.

१८८१ साली ते मॅट्रिक झाले. पुढे कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज व मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज येथे शिक्षण घेऊन १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते बी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झाले. एल्फिन्स्टनमध्ये त्यांना दरमहा २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली होती. म्हणजे भावाचे ८ रुपये आणि सरकारचे २० रुपये यांच्या बळावर एका पोरक्या मुलाचे शिक्षण पुरे झाले. सार्वजनिक पैसा योग्य जागी पडला म्हणजे काय होते, याचे उत्तर त्यांना पुस्तकात शोधावे लागले नाही.

शिक्षकाचा पेशा

वकिली करून धन मिळवावे किंवा सरकारी नोकरीत शिरावे, हे दोन्ही मार्ग त्या काळच्या पदवीधरास मोकळे होते. घरच्यांचीही तशीच अपेक्षा असणार. परंतु गोपाळराव १८८५ साली पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दरमहा ३५ रुपयांवर शिक्षक म्हणून रुजू झाले आणि पुढील वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद बनले. सुमारे २० वर्षे अल्प वेतनावर विद्यादान करावयाचे, अशी ही प्रतिज्ञा होती. फर्ग्युसन कॉलेजात त्यांचे वेतन दरमहा पाऊणशे रुपयांच्या वर कधी गेले नाही. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय अंगावर पडेल तो ते शिकवीत. शाळांसाठी त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक अनेक प्रांतांतील विद्यार्थ्यांच्या हाती पुष्कळ वर्षे होते. देशाच्या जमाखर्चावर पुढे जो मनुष्य अधिकाराने बोलणार होता, तो आधी मुलांना त्रैराशिक व व्याज शिकवीत होता, ही गोष्ट शिक्षकवर्गास भूषणावह आहे.

याच काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा त्यांना सहवास लाभला. रानडे हे कडक गुरू होते. सरकारी अहवाल, जमाबंदीचे कागद, अंदाजपत्रके यांच्या राशी समोर ठेवून ते शिष्याकडून टिपणे करून घेत आणि एक आकडा चुकला तरी पुन्हा लिहावयास लावीत. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन गोखल्यांकडे १८८७ पासून आले, ते या तालमीचाच भाग म्हणून. आगरकरांच्या 'सुधारक' पत्राचा इंग्रजी भागही त्यांनी काही काळ सांभाळला.

दुसरे एक नाव येथे अवश्य घेतले पाहिजे. ते म्हणजे गणेश व्यंकटेश जोशी. हे गृहस्थ सरकारी हायस्कुलात मुख्याध्यापक होते. शाळेचे काम सांभाळून त्यांनी हिंदुस्थानच्या अर्थकारणाचा असा सखोल अभ्यास केला होता की, मोठमोठ्या विद्वानांनी त्यांच्याकडे शंका घेऊन जावे. गोखल्यांच्या पुढील भाषणांमागे जोशी यांच्या आकड्यांचा व सल्ल्याचा फार मोठा आधार होता. व्यासपीठावर एकाचे नाव गाजते, परंतु त्याच्यामागे कोठेतरी एखादा शिक्षक रात्री दिवा लावून बेरजा तपाशीत बसलेला असतो.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले. वय अवघे एकतीस. दादाभाई नौरोजी, दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी अशा वडीलधाऱ्या मंडळींबरोबर त्यांचीही साक्ष झाली व तिची वाहवा झाली. परंतु त्याच मुक्कामात एक कटू प्रसंग ओढवला. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सैनिकांनी केलेल्या जुलमाविषयी आलेल्या पत्रांवरून त्यांनी तेथे आरोप केले. परत आल्यावर ते आरोप पुराव्याने शाबीत करणे त्यांना शक्य झाले नाही, तेव्हा त्यांनी उघडपणे माफी मागितली. या माफीबद्दल स्वकीयांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. त्यांनी ती निमूटपणे सोसली. पुढील सर्व आयुष्यात सरकारविरुद्ध बोलताना त्यांनी सरकारच्याच कागदपत्रांतील आकडे हाती धरले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सात कोटींची शिल्लक

१८९९ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले. १९०१ च्या जानेवारीत रानडे दिवंगत झाले. सर फिरोजशहा मेहता यांनी रिकाम्या केलेल्या जागी त्याच वर्षाच्या अखेरीस गोखल्यांची वरिष्ठ कौन्सिलात निवड झाली. त्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर वर्षातून एकदा बोलण्याची मुभा लोकपक्षाच्या सभासदांना होती. मत देण्याचा हक्क नव्हता, एक पै कमी करण्याचाही नव्हता. अध्यक्षस्थानी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि सभोवार सरकारी अधिकारी. अशा ठिकाणी २६ मार्च १९०२ रोजी गोखले आपल्या पहिल्या अंदाजपत्रकी भाषणास उभे राहिले.

त्या वर्षी सरकारच्या तिजोरीत सुमारे ७ कोटी रुपयांची शिल्लक पडली होती. अर्थमंत्री सर एडवर्ड लॉ यांचे सर्वत्र अभिनंदन चालू होते. गोखल्यांनी आरंभीच सांगितले की, या अभिनंदनात मनःपूर्वक सामील होणे आपणास शक्य नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता : १८९६ पासून देशावर प्लेग कोसळलेला आहे, १८९६-९७ व १८९९-१९०० अशा दोन भयंकर दुष्काळांनी रयत गांजली आहे, गुरे मेली, माणसे मेली, आणि अशा काळात तिजोरी मात्र ओसंडून वाहते! प्रजा दुर्बळ होत असताना सरकारची शिल्लक वाढत असेल, तर ती भरभराटीची खूण नव्हे, तो जरुरीपेक्षा अधिक कर घेतल्याचा पुरावा होय.

ही शिल्लक आली कोठून, हेही त्यांनी उकलून दाखविले. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेत फार मोठी रक्कम पौंडांत भरावी लागे. रुपयाचा भाव घसरत घसरत १३ पेन्सांच्या आसपास आला, तेव्हा ही रक्कम भागविण्यासाठी करांचा बोजा वाढविण्यात आला. ब्रह्मदेशाच्या मोहिमेचा खर्चही वर होताच. १८८८ साली मिठावरील कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये झाला तो याच ओढगस्तीत. पुढे १८९३ साली टांकसाळी खुल्या नाण्यासाठी बंद करून रुपयाचा भाव चढविण्यात आला व तो १६ पेन्सांवर स्थिर झाला. पौंडांत द्यावयाच्या रकमेसाठी आता पूर्वीपेक्षा कमी रुपये लागू लागले. अडचण टळली, परंतु अडचणीसाठी बसविलेले कर तसेच राहिले. सावकाराचे कर्ज फिटल्यावरही हप्ता चालूच राहावा, तशातला हा प्रकार होता. वाढलेला पैसा बहुतांशी लष्कराकडे वळे. शाळा, दवाखाने व पाटबंधारे यांच्या वाट्यास त्यातील अल्प अंश येई.

मिठाचा हिशेब

आता मिठाचा हिशेब आपण घरगुती रीतीने मांडून पाहू. मण म्हणजे ४० शेर, आणि अडीच रुपये म्हणजे ४० आणे. तेव्हा शेरामागे बरोबर १ आणा कर झाला. खाडीचे पाणी, ऊन आणि आगऱ्याची मेहनत यांतून निघालेल्या मिठाची मूळ किंमत या कराच्या मानाने क्षुल्लक असे. म्हणजे गिऱ्हाईक मीठ थोडे आणि कर फार, असे विकत घेत होते. समजा, पाच माणसांच्या कुटुंबास वर्षाला ३० शेर मीठ लागते आणि घरधन्याची मजुरी रोज ३ आणे आहे. त्या कुटुंबाने वर्षाकाठी ३० आणे केवळ मिठाचा कर म्हणून भरले. म्हणजे वर्षातील १० दिवस तो मजूर सरकारच्या मिठासाठी राबला.

श्रीमंतांच्या घरीही मीठ तेवढेच लागते. वाड्यात राहणारा झोपडीत राहणाऱ्यापेक्षा दसपट मीठ खात नाही. उलट ज्याच्या पानात भाजी, तूप, दूध नाही, ज्याची भाकरी मीठ-मिरचीबरोबरच घशाखाली उतरते, त्यालाच मीठ अधिक लागते. म्हणून कागदावर समान दिसणारा हा कर प्रत्यक्षात अत्यंत विषम होता. कर वाढल्यापासून माणशी मिठाचा खप घटला आहे, हे गोखल्यांनी सरकारी आकड्यांवरूनच दाखविले. गरिबाने करात सूट मागितली नाही. त्याने मुकाट्याने कालवणात मीठ कमी घातले. ही उपासमार कोणत्याही अहवालात दिसत नव्हती, परंतु खपाच्या आकड्यांत ती दडलेली होती, आणि अंकगणिताच्या या शिक्षकाने ती नेमकी हुडकून काढली.

आमच्या मिठागरांवर या कराची आणखी एक बाजू होती. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने मीठ पिकविणे, साठविणे व हलविणे यांवर सरकारचा कडेकोट पहारा होता. परवान्यावाचून मीठ करणे, किंबहुना आपोआप साकळलेले मीठ गोळा करणे, हाही गुन्हा ठरे. ज्याच्या पायांना मिठाने भेगा पडत, त्यालाही कर भरूनच मीठ खावे लागे.

त्या भाषणाने कौन्सिलात खळबळ उडाली. मत देण्याचा हक्क नसलेल्या सभासदाचे भाषण देशभर वाचले गेले. पुढील वर्षी, म्हणजे १९०३ च्या अंदाजपत्रकात, मिठावरील कर अडीच रुपयांवरून २ रुपये करण्यात आला. त्याच वेळी प्राप्तीवरील कराची माफी वार्षिक ५०० रुपयांवरून १,००० रुपयांपर्यंत वाढविली गेली, त्यामुळे लहान कारकून व दुकानदार यांचीही सुटका झाली. गोखल्यांनी पिच्छा सोडला नाही. १९०५ साली कर दीड रुपया झाला आणि १९०७ साली १ रुपया. आपल्या मजुराच्या हिशेबात सांगावयाचे तर १० दिवसांचे ८ झाले, ८ चे ६ झाले आणि ६ चे ४ झाले. वर्षातील ६ दिवसांची मजुरी त्याच्या घरी परत आली. ती परत कोणी आणली हे त्याला कदाचित कधीच कळले नसेल.

हे यश एकट्या गोखल्यांचे होते असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. राष्ट्रीय सभेने ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली होती, आणि तिजोरीतील शिल्लकही सरकारला अनुकूल होती. परंतु मागणीला आकड्यांचा कणा दिला तो गोखल्यांनी. कर कमी केल्यास खप वाढेल व तिजोरीचेही मोठे नुकसान होणार नाही, हे त्यांचे अनुमान होते. कर उतरत गेला तसा मिठाचा खप वाढत गेला आणि ते खरे ठरले.

मुलांच्या शाळेसाठी

करात सूट मिळविणे हे गोखल्यांच्या दृष्टीने अर्धेच काम होते. गोळा झालेला पैसा कोठे खर्च होतो, हा दुसरा व अधिक कठीण प्रश्न होता. खुद्द सरकारने १९०४ च्या आपल्या ठरावात कबूल केले होते की, देशातील ५ खेड्यांपैकी ४ खेड्यांत शाळाच नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली आपल्या संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून दाखविले होते. जे एका संस्थानाला साधते ते एवढ्या बलाढ्य सरकारला का साधू नये, असा प्रश्न गोखल्यांनी उभा केला.

१९१० साली त्यांनी या विषयावर ठराव आणला व आश्वासन मिळाल्यावर तो मागे घेतला. आश्वासनातून फारसे काही निघत नाही असे पाहून १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. हे विधेयक अत्यंत सावध होते. ज्या भागात मुलांची ठरावीक संख्या आधीच शाळेत जात असेल, त्याच भागातील नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने, आणि तेही सरकारची मंजुरी घेऊन, ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांना शाळा सक्तीची करावी. मुलींना ही सक्ती सवडीने लागू करावी. ज्या पालकाची मासिक प्राप्ती १० रुपयांहून अधिक नाही त्याच्याकडून फी घेऊ नये. खर्चाचा एक तृतीयांश भाग स्थानिक संस्थेने आणि दोन तृतीयांश सरकारने सोसावा. एवढेच काय ते मागणे.

परंतु या शेवटच्या कलमावर सर्व अडले. लष्करासाठी जो पैसा न मागता मिळे, तो मुलांच्या पाट्यांसाठी मिळेना. सरकारी पक्षाने सांगितले, पैसा नाही, आणि लोकही अद्याप सक्तीला तयार नाहीत. खेदाची गोष्ट ही की, काही हिंदी सभासदांनीही विरोधात मत दिले. शेतकऱ्यांची व मजुरांची मुले शिकली तर शेतात व घरी राबणार कोण, ही भीती त्या काळच्या काही जमीनदारांच्या मनात होती. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. हे आपल्याला ठाऊक होते, तरी आपण निराश नाही, आपल्या पिढीच्या वाट्यास अपयशाच्या मार्गानेच देशसेवा आली आहे, अशा अर्थाचा समारोप करून गोखले शांतपणे खाली बसले.

त्या ३८ मतांचे मोल काय झाले? १९१२ साली सहा वर्षांचा असलेला, पण शाळेत न गेलेला आगऱ्याचा मुलगा पुढे बाप झाला, आजा झाला, आणि सावकाराच्या वहीवर, खोताच्या कबुलायतीवर आंगठाच उठवीत राहिला. कागदात काय लिहिले आहे हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागले, आणि सांगणाऱ्याने खरे सांगितले की नाही हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही. आपल्या भागात जुन्या दस्तऐवजांवर जे आंगठ्यांचे ठसे दिसतात, त्यांतील कित्येकांचे मूळ त्या दिवशीच्या मतदानात आहे.

परदेशातील मजुरांचा कैवार

गोखल्यांनी १९०५ साली पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना केली व त्याच वर्षी बनारसच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद भूषविले. त्या सर्व कार्याचे वर्णन येथे करणे शक्य नाही. परंतु आपल्या विषयाशी निगडित असा एक प्रसंग सांगणे अवश्य आहे. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत करारबंद मजूर म्हणून गेलेल्या हिंदी लोकांवर, करार संपल्यानंतर तेथेच राहिल्यास, दरसाल माणशी ३ पौंडांचा कर बसविला होता. ३ पौंड म्हणजे ४५ रुपये! नवरा, बायको व वयात आलेली मुले, प्रत्येकावर तो स्वतंत्र. महिन्याच्या मजुरीतून तो भरणे अशक्य, म्हणून मजुराने पुन्हा करार करून गुलामीत जावे, हाच त्यातील हेतू होता.

१९१२ च्या अखेरीस, मधुमेहाने शरीर पोखरलेले असताना, गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. मोहनदास करमचंद गांधी त्यांच्या सोबत सावलीप्रमाणे होते. गांधीजींनी त्यांना आपले राजकीय गुरू मानले हे सर्वश्रुतच आहे. तेथील मंत्र्यांची गोखल्यांनी भेट घेतली व तो कर रद्द होईल अशा समजुतीने ते परतले. ते वचन पाळले गेले नाही, तेव्हा १९१३ साली मजुरांचा प्रचंड संप झाला, त्यासाठी गोखल्यांनी हिंदुस्थानात निधी जमविला. अखेर १९१४ साली तो कर रद्द झाला.

अखेर

त्याच वर्षी सरकारने देऊ केलेली सर ही पदवी त्यांनी नम्रपणे नाकारली. प्रकृती ढासळत चालली होती. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. वयाची ४९ वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्यांच्याशी त्यांचे आयुष्यभर मतभेद राहिले त्या लोकमान्य टिळकांनी स्मशानभूमीवर त्यांचा गौरव केला. दोघांचे मार्ग भिन्न होते, परंतु एकमेकांची निष्ठा दोघांनाही ठाऊक होती.

त्यांच्या मागे मिठाचा कर पुन्हा चढला. १९१६ साली तो सव्वा रुपया झाला आणि १९२३ साली कायदेमंडळाने नाकारले असतानाही व्हाइसरॉयांनी आपल्या अधिकारात तो अडीच रुपयांवर नेला. वर्षभराने तो पुन्हा सव्वा रुपयावर आणावा लागला. १९३० साली गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलले. गुरूने आकड्यांनी मांडलेला दावा शिष्याने आपल्या पायांनी मांडला. १९४७ साली मिठाचा कर समूळ गेला.

शाळेचा मार्ग मात्र याहूनही लांब निघाला. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांतातील नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याचा कायदा झाला. १९४७ साली मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला. राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षणाचे ध्येय पुढे ठेवले, २००२ साली घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्क ठरला, आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. गोखल्यांच्या विधेयकास नकार मिळाल्यापासून ९८ वर्षे लोटली होती.

आपणांस बोध

ज्ञातिबांधवहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपले मंडळ गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके देते, गरजूंना वह्या-पुस्तके देते. ते पुण्यकर्म आहे व ते वाढावे. परंतु शिक्षकी पेशात आयुष्य घालविलेला एक मनुष्य म्हणून एक गोष्ट निवेदन करणे मी माझे कर्तव्य समजतो. आपण शंभर मुलांना वह्या देऊ शकू, पण शाळेत शिक्षकच नसेल तर त्या वह्या कोऱ्या राहतील. शिक्षक नेमणे, दवाखान्यात औषध ठेवणे, वस्तीला पाणी देणे ही कामे कोणत्याही ज्ञातीच्या निधीतून होणारी नव्हेत. ती सरकारच्या, जिल्हा परिषदेच्या व ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकांतूनच व्हावयाची आहेत. जो पैसे देऊन खाजगी शाळेत जाऊ शकतो त्याला सरकारी शाळा बंद पडल्याचे कळतही नाही. जो देऊ शकत नाही त्याच्या मुलाचे आयुष्यच त्या एका ओळीवर अवलंबून असते.

जमिनींचे पैसे आले म्हणून आपल्याला आता याची गरज नाही, असे कोणी समजू नये. सर्वांनाच पैसे आले नाहीत, आणि ज्यांना आले त्यांतील कित्येकांकडे ते राहिले नाहीत. आपल्या भगिनी आजही दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करतात, आपले तरुण रोजंदारीवर जातात. मिठावर आज कर नाही, परंतु साबण, तेल, चहा यांवर तो आहे, आणि तो रोजंदारीवाला व इमारतीचा मालक सारख्याच दराने भरतात. तेव्हा गरीब मनुष्य कर भरीत नाही हा समज खोटा आहे. तो रोज भरतो, फक्त त्याला पावती मिळत नाही. ज्याने कर भरला त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार आहे.

गोखल्यांना वर्षातून एकदा बोलण्याची मुभा होती आणि मत नव्हते. आपल्याला ग्रामसभेत बोलता येते आणि मतही आहे. ग्रामपंचायतीचा जमाखर्च तेथे मांडला जातो, पण तो ऐकावयास किती जण थांबतात? आपल्या शिकलेल्या मुलामुलींपैकी दोघा-चौघांनी जरी दरवर्षी तो कागद मागून घेतला, शाळेसाठी किती ठेवले व किती खर्चिले याची बेरीज-वजाबाकी केली आणि ती वडीलधाऱ्यांस साध्या मराठीत समजावून सांगितली, तरी नामदार गोखल्यांचे खरे स्मारक सुकापुरात उभे राहील. त्यासाठी मोठी विद्वत्ता नको, चौथीपर्यंतचे अंकगणित व थोडा निर्भयपणा पुरे. तो श्रीपरमेश्वर आपल्या तरुण पिढीस देवो, एवढीच प्रार्थना करून हा अल्प लेख पुरा करतो.